सहावा विषय कुणासाठी?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीला परीक्षेचे विषय किती असावेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. शिक्षणाबद्दल तुम्हाला हवं ते बोला, असं संयोजकांनी मला सांगितलं होतं. मी मुद्दाम हा प्रश्न निवडला. दिसायला तो हिशेबाचा दिसतो. पण महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा लाखांहून जास्त मुलं दहावीला बसतात, आणि त्यांचं ते वर्ष कसं जाणार, पुढची वाट मोकळी राहणार की बंद होणार, हे बरंचसं या एका आकड्यावर ठरतं.

आधी सध्याची मांडणी नीट पाहू. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय आहेत. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येकाला १०० गुण. भाषांची लेखी परीक्षा ८० गुणांची. गणिताचे दोन भाग ४०-४० गुणांचे, विज्ञानाचे तसेच दोन, आणि सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्राला ४०, भूगोलाला ४०. प्रत्येक विषयातले उरलेले २० गुण शाळेच्या हातात. म्हणजे विषय सहा, पण मूल पेपर देतं नऊ. याशिवाय आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा, संरक्षणशास्त्र असे श्रेणीचे विषय वेगळे. पास व्हायला सहाही विषय सुटावे लागतात. टक्केवारी मात्र सहा विषयांची काढत नाहीत. ती सर्वोत्तम पाच विषयांची काढतात, ५०० पैकी.

हे शेवटचे दोन नियम पुन्हा एकदा शेजारी ठेवून बघा. एखाद्या मुलीला पाच विषयांत नव्वदीच्या पुढे गुण आहेत आणि हिंदीत ७४. तिची हिंदी टक्केवारीत धरलीच जात नाही. तिच्या नावापुढे लागते ती पाच विषयांची टक्केवारी. तिच्याच वर्गातला मुलगा इंग्रजीत नापास झाला. बाकीच्या पाचांत तो पास आहे, एका विषयात तर साठीच्या वर आहे. पण त्याची इंग्रजी बाजूला काढून ठेवायला कुणी तयार नाही. त्याचं गुणपत्रक त्याला उत्तीर्ण म्हणत नाही. म्हणजे जी मुलगी सहाही विषय सहज पेलू शकते तिच्यासाठी परीक्षा पाच विषयांची, आणि ज्याला सहावा झेपत नाही त्याच्यासाठी ती सहाची. एकाच सभागृहात, एकाच घंटेला बसलेल्या दोन मुलांना आपण दोन वेगळे नियम लावतो, आणि सवलत द्यायची ती ज्याला तिची गरज नाही त्याला देतो.

हे कसं झालं? कुणी दुष्टपणे केलं नाही. अकरावीच्या प्रवेशातून ते आलं. मुंबईत आयसीएसई आणि सीबीएसईची मुलं पाच विषयांच्या टक्केवारीवर पुढे जात आणि राज्य मंडळाची मुलं मागे पडत, अशी पालकांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते न्यायालयात टिकलं नाही. मग ९० टक्के जागा राज्य मंडळाला राखण्याचा निर्णय घेतला, तोही २००९ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळला. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचं सूत्र आलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. या सगळ्या भांडणात प्रश्न एकच होता, चांगल्या कॉलेजात जागा कुणाला. पंधरा वर्षांच्या मुलाला किती विषयांची परीक्षा द्यायला लावणं योग्य, हा प्रश्न त्या दोन-तीन वर्षांत कुठेच विचारला गेला नाही. पण उत्तर मात्र अनायासे मिळून गेलं. एका मुलाची पात्रता मोजायला पाच विषय पुरतात, हे राज्याने त्या वर्षी लेखी मान्य केलं.

मग हे पाच पुरणं सगळ्यांसाठी का नाही? निवड परीक्षेनंतर, निकालाच्या संगणकावर होते. ती परीक्षेच्या आधी, मुलाच्या हातात का देत नाही? आज माझं मागणं एवढंच आहे. बाकीचं व्याख्यान या मागण्याच्या बाजूने आणि त्याच्या आड काय येतं याबद्दल आहे.

ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांच्याकडे एक लांबट वही होती. माझ्या पिढीच्या शिक्षकांनी ती पाहिली आहे. निकाल लागला की पास झालेल्यांचे पेढे स्टाफरूममध्ये फिरत, आणि सर आपल्या टेबलाशी बसून त्या वहीत नापास झालेल्यांची नावं लिहीत. नाव, गाव, विषय, किती गुणांनी राहिला. आणि पुढचा रकाना कोरा. मूल पुढे काय करतं हे जसजसं कळेल तसतसं तिथे भरायचं. बाजारात कुणाचा बाप भेटला, एसटीत कुणाची बहीण दिसली, की सर चौकशी करत आणि दुसऱ्या दिवशी वही काढत. ‘लग्न झालं, निपाणीला दिलं.’ ‘पुण्यात हॉटेलात.’ ‘परीक्षेचा फॉर्म भरला, पुन्हा गणित.’ अशा नोंदी.

त्यातल्या एका मुलाचं गुणपत्रक मला आजही दिसतं. मराठी ६६, हिंदी ५८, सामाजिक शास्त्रे ५४, विज्ञान ४१, इंग्रजी २८, गणित २३. या मुलाच्या घरी विहिरीवरची मोटर जळाली तर तो ती उतरवून, जळालेली तार काढून, किती गेजची तार किती वेढ्यांनी भरायची हे मोजून नवं वाइंडिंग करत असे. गावातल्या माणसाकडून तो ते शिकला होता. एकदा मी त्याला विचारलं, वेढे कमी भरले तर काय होतं? त्याने सांगितलं, मोटर जास्त अँपिअर खाते आणि तापते. पुढे हातातल्या काडीने मातीत आकडे मांडून, अश्वशक्तीप्रमाणे तार कशी बदलते तेही दाखवलं. त्याने मांडलेलं ते प्रमाण होतं, गणितच होतं. पेपरात मात्र वर्गसमीकरणाच्या पहिल्याच उदाहरणावर त्याची रेघ थांबली होती. दोनच विषय राहिले म्हणून एटीकेटीवर, म्हणजे ते मागाहून सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता आलं असतं, पण घरच्यांनी ‘नापास’ एवढंच ऐकलं. सरांनी त्याला आयटीआयला वायरमनला घातलं, कारण त्या व्यवसायाला आठवी पास चालते. वहीतल्या त्याच्या रकान्यात पुढे बऱ्याच नोंदी आहेत आणि त्या वाईट नाहीत. पण टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकाची जागा निघाली तेव्हा त्याला अर्ज करता आला नाही. त्या जागेला दहावी पास लागते, आणि गणित-इंग्रजीत पास असणं लागतं.

मी हे उदाहरण देतो तेव्हा काही जण म्हणतात, बघा, म्हणजे गणित-इंग्रजी हवंच ना? हवंच. मी गणित काढा असं म्हणत नाही. मी गणिताचाच शिक्षक आहे. पण या मुलाचं वर्ष आठवा. त्याला नऊ पेपरांची तयारी करायची होती. ज्या दोन विषयांत तो बुडत होता त्यांना त्याच्या आठवड्यात जेवढा वेळ मिळाला, तेवढाच वेळ तिसऱ्या भाषेच्या व्याकरणाला आणि भूगोलाच्या नकाशाला गेला. विषय पाच असते आणि पाचवा त्याच्या हातचा, वीजजोडणीचा असता, तर गणिताला जास्त वेळ मिळाला असता. शिवाय त्याच्या गुणपत्रकावर एक तरी आकडा असा असता की तो बघून त्याच्या वडिलांची मान वर झाली असती. शिकणाऱ्याला त्याचाही उपयोग होतो. ज्याने शिकवलं आहे त्याला हे ठाऊक आहे.

आता, सहा हा आकडा काही अनादि नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. उत्तीर्ण झालेले दोन डझनही नव्हते. ती परीक्षा विद्यापीठाची होती, विद्यापीठात कुणाला घ्यायचं हे ठरवणारी. तेव्हा विषय विद्यापीठाच्या सोयीचे असणं साहजिक होतं. पुढे शाळा वाढल्या, खेड्यापाड्यांत हायस्कुलं निघाली, १९४८-४९ च्या सुमाराला एसएससी मंडळ आणि त्याची स्वतंत्र परीक्षा आली, १९६६ पासून आजचं राज्य मंडळ कामाला लागलं, १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा सुरू झाली. मुलं बदलली. पहिल्या पिढीची, शेतमजुराची, कातकऱ्याची, गवंड्याची मुलं वर्गात आली. परीक्षेचा घाट मात्र विद्यापीठाच्या दारातल्या चाळणीचाच राहिला. माझ्यासारख्यांनी जी ७५० गुणांची दहावी शिकवली, तीत भाषांना शंभर-शंभर आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्रांना दीडशे-दीडशे होते. गुण कमी-जास्त झाले, सामान्य गणिताचा पर्याय आला आणि गेला, गुणवत्ता यादी बंद झाली. सगळ्यांनी सगळंच द्यायचं, हे गृहीतक कुणी हलवलं नाही.

हलवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत सात वेगवेगळे गट सुचवले. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान. मुलाने आपल्या कलाप्रमाणे त्यातून घ्यावं. बहुउद्देशीय शाळा त्यातूनच निघाल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी नाव जोडलेले जे. पी. नाईक होते, कार्यानुभव आणला. कार्यानुभवाचं काय झालं हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. कागदी फुलं आणि श्रेणीचा रकाना. १९९३ मध्ये यशपाल समितीने ओझ्याविना शिकण्याची गोष्ट केली. तिचा नेमका मुद्दा आपण विसरलो आणि दप्तराचं वजन तेवढं लक्षात ठेवलं. समितीचं म्हणणं होतं की न समजता शिकण्याचं ओझं दप्तराच्या ओझ्याहून वाईट आहे.

एक प्रयत्न मात्र आपल्याच राज्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात झाला, आणि त्याच्याजवळ मला थोडं थांबायचं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून ते पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, म्हणजे आयबीटी, हा आठवी ते दहावीचा विषय तयार झाला आणि राज्य मंडळाने त्याला परीक्षेचा विषय म्हणून मान्यता दिली. त्याचे चार भाग. कार्यशाळा आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात. वेल्डिंग करून टेबलाचा सांगाडा करतात, फेरोसिमेंटची टाकी ओततात, मातीचा नमुना तपासतात, रक्तगट बघायला शिकतात. आणि कलबागांचा आग्रह असा की हे काम गावाच्या उपयोगी पडावं, त्याचे पैसे यावेत. म्हणजे पत्रा किती लागला, वाया किती गेला, मजुरी किती धरायची हा हिशेब मुलानेच मांडायचा.

अशी एक कार्यशाळा मी पाहिली आहे. नववीतली एक मुलगी लोखंडी पट्टी कापण्याआधी खडूने खूण करत होती. तिने करवतीच्या पात्याची जाडी सोडून खूण केली. मी विचारलं, एवढं सोडलंस का? ती म्हणाली, तेवढं पातं खाणार, नाहीतर तुकडा आखूड भरतो. मापनातली त्रुटी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवताना मला किती तास लागतात ते मला माहीत आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीची आणि आरोग्याची माहिती शिकवावी अशी मागणी होती. शंभर वर्षांनी पाबळला ती मागणी मार्गी लागली. तरीही आयबीटी राज्यातल्या मोजक्याच शाळांत आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातले (एनएसक्यूएफ) व्यवसाय विषय आता बऱ्याच शाळांत आले आहेत, ऑटोमोबाइल, रिटेल, सौंदर्यसेवा वगैरे, आणि ते एका भाषेऐवजी घेता येतात. म्हणजे दार आहे. पण ते अर्धवट उघडं आहे, आणि ते उघडं आहे हे नववीत जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना कुणी सांगत नाही.

अशा अर्ध्या उघड्या दारांची यादी बरीच मोठी आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना आपण दुसऱ्या भाषेतून सूट देतो आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेऊ देतो. महाराष्ट्राने हे देशात फार लवकर केलं, त्याचा मला अभिमान आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात दहावीला पाच विषय पुरतात, गणित सक्तीचं नाही, आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक विषय सोडवता येतो. सीबीएसईत पाच विषय सक्तीचे आहेत, आणि सहावा कौशल्य विषय घेतला असेल तर गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रातल्या नापास विषयाच्या जागी तो धरता येतो. तिथे गणितही दोन पातळ्यांवर आहे, बेसिक आणि स्टँडर्ड. आपल्याकडे नापास मुलाला आता मार्चची वाट बघावी लागत नाही. २०१५ पासून जुलैची परीक्षा आहे, आणि राहिलेले विषयच पुन्हा द्यायचे असतात. सगळ्या वाटा आहेत. फक्त त्या अपयशाच्या नाहीतर अक्षमतेच्या दाखल्यानंतर उघडतात. मुलाने आधी पडायचं, मग त्याला पर्याय दाखवायचा.

परदेशाचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मुलं साधारणपणे आठ-नऊ विषयांची जीसीएसई देतात आणि नंतर एकदम तीनवर येतात. फिनलंडमध्ये त्या वयापर्यंत राष्ट्रीय परीक्षाच नसते. दोन्ही देशांत शाळा उत्तम चालतात. त्यांचा आकडा उचलून आणण्यात अर्थ नाही, आपला प्रश्न आपल्या मुलांवरून सुटायचा आहे.

आता विरोधाचे मुद्दे. दोन मुद्दे मला खरोखर जड वाटतात.

पहिला असा की परीक्षेतून जे गेलं ते शाळेतून जातं. याला आपल्याच इतिहासात मोठा दाखला आहे. मुंबई विद्यापीठाने मराठीसारख्या देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढल्या आणि त्यांची पत गेली. त्या परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रयत्न करावे लागले. आजही बघा. चित्रकलेचा तास गणिताला जातो, पीटीचा तास विज्ञानाच्या पोर्शनला जातो, कलाशिक्षकाची जागा रिकामी झाली तर ती भरायची घाई कुणाला नसते. मग सामाजिक शास्त्रे परीक्षेत ऐच्छिक केली तर राज्यघटना कोण शिकवणार? आणि ते वीस गुण शाळांच्या हातात दिले तर काय होतं, तेही आपण पाहिलं. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. दुसऱ्या वर्षी गुण परत दिले, निकाल ९५.३० झाला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्याचाही थोडा हात असेल. तरी आकडे बोलायचं ते बोलतातच.

माझं उत्तर असं. शाळेचं मूल्यमापन बिघडलं, कारण त्याचे गुण टक्केवारीत मिसळले. ज्या क्षणी २० गुण अकरावीच्या प्रवेशाला लागू झाले, त्या क्षणी ते वाटायचे गुण झाले, आणि मी त्याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणार नाही. शेजारची शाळा २० देते आणि तुम्ही १४ देता, तर नुकसान तुमच्या मुलांचं. कला-क्रीडेच्या वाढीव गुणांचं तेच झालं. इंटरमीजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली की दहावीत सात गुण. सर्वोत्तम पाच आणि हे वाढीव गुण मिळून २०२५ मध्ये १०० टक्के मिळवणारी २११ मुलं निघाली, आदल्या वर्षी १८७. या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण रेखाटनावर प्रेम करणाऱ्या मुलीला आपण ते सात गुणांसाठी कर असं शिकवतो आहोत. तेव्हा जे परीक्षेबाहेर ठेवायचं ते टक्केवारीच्याही बाहेर ठेवा. त्याला वेगळा दाखला द्या. मुलाने वर्षभरात काय केलं, कोणती वही भरली, कोणता प्रयोग केला, गावातल्या ओढ्याचं पाणी कुठून येतं याचा कोणता नकाशा काढला, हे त्या दाखल्यात लिहा. आणि शिक्षकाची जागा विषय परीक्षेत आहे की नाही यावर मोजू नका, तो विषय वेळापत्रकात आहे की नाही यावर मोजा. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत हे करता आलं नाही तर माझी सगळी सूचना फुकट आहे, हे मी मान्य करतो. परीक्षेचे विषय कमी करा म्हणताना शिकवायचे विषय एकानेही कमी करू नका, हे मी तितक्याच जोराने म्हणतो. ज्यांना नीट आणि जेईईपुरती शाळा हवी आहे, त्यांनी माझ्या बोलण्याचा आधार घेऊ नये.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. निवड दिली की गरिबाचं मूल कमी प्रतीचं निवडणार, किंवा त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी निवडणार. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत हेडमास्तर सांगणार, तुम्ही विज्ञान घेऊ नका, निकाल खाली येतो. मुलींना सौंदर्यसेवा, मुलांना वायरिंग. सामान्य गणिताच्या वेळी हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तो पर्याय घेतलेली मुलं सुटली खरी, पण विज्ञान शाखेचं दार त्यांना बंद झालं, आणि घेताना ते नीट सांगितलं गेलं नव्हतं. डॉ. आंबेडकरांच्या राज्यात हा धोका कुणी हलक्यात घेऊ नये.

म्हणून निवडीला दोन अटी हव्यात. एक, शाळेला विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र न देण्याची मुभा नको. प्रत्येक अनुदानित शाळेत ते दहावीपर्यंत शिकवलं जाईल आणि त्याची परीक्षा देऊ पाहणाऱ्या मुलाला कुणी अडवणार नाही. दोन, कोणतंही दार कायमचं बंद व्हायला नको. आज गणिताची खालची पातळी घेतलेल्या मुलीला उद्या अभियांत्रिकी पदविकेला जायचं असेल, तर वरच्या पातळीचा पेपर जुलैत किंवा पुढच्या मार्चमध्ये देता यावा, आणि तो दिला की तिच्या गुणपत्रकावर खालच्या पातळीचा उल्लेखही राहू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या नव्या आराखड्यातून गणित-विज्ञानात २० गुण मिळाले तरी शेरा मारून पुढे पाठवण्याची कल्पना चर्चेत आली. तिच्यामागची करुणा मला कळते. पण नापासालाच पास म्हणायचं आणि कपाळावर शेरा मारायचा, हे मला पटत नाही. वेगळी पातळी द्या, ती नीट शिकवा, आणि तिच्यात ३५ मागा.

आता पुढे काय येतं आहे ते बघा. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला दहा विषय आहेत. तीन भाषा आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण, आंतरविद्याशाखीय विषय. मला ही यादी आवडते. शिकायला दहा विषय असावेत, त्यात कला आणि हातकाम असावं, हे फुल्यांपासून कलबागांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. भीती वेगळीच आहे. आपल्या व्यवस्थेच्या सवयीप्रमाणे दहा शिकायचे म्हणजे दहांची परीक्षा, दहांचे गाइड, दहांचे क्लास, असं होईल. मग आज जो मुलगा नऊ पेपरांत बुडतो आहे त्याच्या डोक्यावर आणखी चार पेपर येतील. भाषेचंच बघा. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी आणण्याचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. त्या वादात दोन्ही बाजूंनी भाषा किती शिकवायच्या यावर पुष्कळ बोललं गेलं. दहावीला त्यांतल्या किती भाषांची मंडळाची परीक्षा घ्यायची, यावर कुणी बोललं नाही. माझं मत स्पष्ट आहे. तिसरी भाषा शिकवा, बोलायला शिकवा, वाचायला शिकवा. ती परीक्षेत ज्याला हवी त्याने घ्यावी.

तेव्हा मंडळाची सक्तीची परीक्षा पाच विषयांची असावी. माध्यमभाषा, दुसरी एक भाषा, आणि दोन पातळ्यांचं गणित, हे तीन सगळ्यांना. उरलेले दोन मुलाने विज्ञान, सामाजिक शास्त्र, तिसरी भाषा, कला आणि व्यवसाय विषय यांतून घ्यावेत. ज्याला सहा-सात द्यायचे असतील त्याला मोकळीक, पण टक्केवारी त्याने नववीच्या शेवटी सांगितलेल्या पाचांचीच निघेल, निकालानंतर त्यात फेरफार नाही. पास झालेला विषय पास राहील. पाचही एका मार्चमध्येच द्यायला हवेत असं नाही. दोन विषय आधीच्या जुलैत देऊन तीन मार्चला देता यावेत. वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांसाठी ही एक सोय बाकी सगळ्या योजनांपेक्षा जास्त कामाची ठरेल, कारण तोडणीचा हंगाम आणि मार्चची परीक्षा एकाच वेळी येतात, आणि तारीख परीक्षेची बदलू शकते, उसाची नाही.

नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीला लागू झाला आहे आणि टप्प्याटप्प्याने वर येतो आहे. नववी-दहावीची पाळी येत्या दोन-तीन वर्षांत आहे. गुणांची विभागणी आणि परीक्षेची योजना त्याआधी ठरेल, आणि ती ठरवताना हरकती-सूचना मागवल्या जातील. दर वेळी त्या सूचना क्लासचालक पाठवतात, प्रकाशक पाठवतात, शहरातल्या पालकांच्या संघटना पाठवतात. या सभागृहात चार तालुक्यांतल्या शाळांचे मुख्याध्यापक बसले आहेत. माझी त्यांना विनंती आहे की यंदाच्या जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या सभेत हा विषय घ्या. आपल्या शाळेतून गेल्या पाच वर्षांत दहावीला कोण राहिलं, कुठल्या विषयात राहिलं आणि पुढे ते मूल काय करतं, याची यादी करा. सूचना पाठवाल तेव्हा ती यादी सोबत जोडा.